जखमी सैनिकाचे काव्य आणि त्याचा संसार

युद्धकाव्य म्हटले की आपल्यापुढे रणभूमी उभी राहते. फार तर इस्पितळातील खाट. शिपाई बरा होऊन घरी आला, लग्न करून संसाराला लागला, म्हणजे युद्धाचा आणि त्याच्या कवितेचा संबंध सुटला, असे आपण धरून चालतो. इंग्रजी कवी रॉबर्ट ग्रेव्हज याची पहिल्या महायुद्धानंतरची दहा-बारा वर्षे पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही.

सोमच्या लढाईत, २० जुलै १९१६ रोजी, तोफगोळ्याच्या तुकड्यांनी ग्रेव्हजची मांडी फाडली आणि एक तुकडा फुप्फुसातून आरपार गेला. त्याचा एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. हा काही जगत नाही असे समजून त्याच्या कर्नलने आईला सांत्वनाचे पत्र धाडले. लंडनच्या 'टाइम्स'नेही मृतांच्या यादीत त्याचे नाव छापले आणि पुढे दुरुस्ती छापली. या प्रसंगावर त्याने 'एस्केप' ही कविता लिहिली. मृत्युलोकाच्या दाराशी पहारा देणाऱ्या ग्रीक पुराणांतील तीन तोंडांच्या कुत्र्याला अफूच्या अर्काने भारलेले लष्करी बिस्किट चारून कवी परत पळून येतो, अशी तिची कल्पना आहे. कविता थट्टेखोर आहे. मरण हुकलेल्या तरुणाला थट्टा सुचावी यात नवल नाही.

आपल्याकडील सावित्रीची कथा सत्यवान यमाच्या हातून सुटला की फलश्रुतीकडे वळते. परत आलेल्या सत्यवानाला रात्री झोप लागत होती की नाही, हे कोणी विचारीत नाही. ग्रेव्हजच्या बाबतीत मात्र तेच विचारावे लागते.

२३ जानेवारी १९१८ रोजी त्याने नॅन्सी निकल्सन हिच्याशी लग्न केले. ती चित्रकार विल्यम निकल्सन यांची कन्या, वय अठरा, स्वतःही चित्रकार आणि मोठी स्वतंत्र वृत्तीची. लग्नानंतर तिने आडनाव बदलले नाही. मुलींना आईचे आणि मुलांना बापाचे आडनाव लावण्याची तऱ्हा या जोडप्याने पाडली. (त्या काळच्या इंग्लंडात हे पचावयास जडच होते, आपल्याकडील काही घरांत आजही जडच जाईल.) पाच-सहा वर्षांत चार मुले झाली, आणि घरात पैशाची कायम ओढ. नॅन्सीने एक लहानसे दुकान काढून पाहिले, तेही बुडाले.

या सर्व काळात नवऱ्याचे शरीर बरे झालेले होते. मनाचे काय, ते त्याने १९२९ सालच्या 'गुडबाय टु ऑल दॅट' या आत्मचरित्रात लपवून ठेवलेले नाही. टेलिफोनला हात लावण्याची त्याला भीती वाटे. आगगाडीत बसले की प्रकृती बिघडे. एका दिवसात दोनांहून अधिक नवी माणसे भेटली तर त्या रात्री झोप नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मेलेल्या मित्रांचे चेहरे दिसत. आणि मध्यरात्री अंथरुणावर तोफगोळे फुटत, शेजारी बायको निजलेली असली तरीही. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. लढाईचा खंदक आता दोघांच्या बिछान्यातून गेला होता आणि त्याची एक बाजू नॅन्सीला दिसतही नव्हती.

कवितेत हे कसे उतरले? १९२० सालच्या 'कंट्री सेंटिमेंट' या संग्रहात प्रेमगीते, बालगीतांच्या चाली आणि खेड्यातील गोष्टी आहेत. नव्या संसाराचे पुस्तक म्हणून ते वाचता येते. परंतु शेवटी 'रेट्रोस्पेक्ट', म्हणजे मागे वळून पाहणे, असा वेगळा भाग आहे आणि मेलेली माणसे तिथे भेटतात. घरातली अडगळ मागच्या खोलीत ढकलावी तशी ही मांडणी. पुढल्याच वर्षीच्या 'द पियर-ग्लास'मध्ये ती खोली आवरेनाशी होते. शीर्षककवितेत ओसाड वाड्यात आरशापुढे उभी असलेली, भूतकाळाने पछाडलेली एक स्त्री बोलते. शिपायाने आपली व्यथा बाईच्या तोंडी घातली आहे. मात्र शेजारी निजणाऱ्या बाईची व्यथा काय असेल, तिकडे ही कविता वळत नाही.

उपचार करून घेता येत नव्हते काय? येत होते. डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे युद्धाचा धसका घेतलेल्या अधिकाऱ्यांना बोलते करून बरे करीत; ग्रेव्हजची त्यांची ओळख होती. (हेच रिव्हर्स पूर्वी निलगिरीत येऊन तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते, १९०६ सालचा त्यांचा तो ग्रंथ मानवशास्त्रात नावाजलेला आहे.) कविता म्हणजे मनातील परस्परविरोधी प्रेरणांचा झगडा मिटविण्याची क्रिया, हे मत ग्रेव्हजने १९२२ साली 'ऑन इंग्लिश पोएट्री'त मांडले, त्यात रिव्हर्स यांचा ठसा स्पष्ट आहे. असे असूनही त्याने मानसोपचार टाळला. आत्मचरित्रात तो सांगतो की, नॅन्सीसाठी तरी वैद्याकडे जाणे आपले कर्तव्य असावे असे वाटत होते. पण बरे झालो तर काव्यशक्ती जाईल आणि आपण सरळसोट लेखक होऊन बसू, अशी भीती वाटली. प्रकृती सुधारण्यापेक्षा चांगला कवी असणे त्याला मोलाचे वाटले.

कवीची ही निवड वाचून रसिकाने एकदम मान डोलवू नये. दुखणे त्याचे होते, कविताही त्याची. पण जागरणे दोघांची होती, आणि या सौद्यात नॅन्सीला कोणी विचारले होते, असे त्या पुस्तकात कोठे दिसत नाही. विवाह मोडला तो केवळ युद्धामुळे, असेही म्हणता येणार नाही. १९२६ साली लॉरा रायडिंग ही अमेरिकन कवयित्री त्या घरात आली. १९२९ साली ग्रेव्हज तिच्याबरोबर मायोर्का बेटावर गेला. मुले नॅन्सीकडे राहिली. पुढे तिने कापडावरील छपाईचे काम हाती घेतले आणि तिच्या नक्षीला नावही मिळाले.