पाळण्याखाली उभा राहिलेला मुलगा

महाशिवरात्रीच्या यात्रेत प्रतापगडाच्या पायथ्याशी शेजारच्याशी बोलायचं, तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. हा प्रतापगड साताऱ्याकडचा नव्हे, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. (पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे दर खेपेला सांगावं लागतं, ते असो.) इथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गणी हारुनींचा दर्गाही. त्यामुळे नारळ फोडणारे आणि चादर चढवणारे एकाच धुळीतून चालत असतात. सोबतीला भोंगे, पिपाण्या, भज्यांच्या कढया आणि हरवलेल्या पोरांच्या नावांचा पुकारा.

मागे एका यात्रेला आठवीतला भाचा बरोबर होता. त्याची भावंडं आकाशपाळण्यात बसली, वरून ओरडली, खाली उतरून पुन्हा रांगेत लागली. हा पाळण्यात बसलाच नाही. डिझेल इंजिनापाशी, दोरी बांधली होती तिच्या अलीकडे, अर्धा तास नुसता उभा. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मामा, पट्टा आठाच्या आकड्यासारखा पिळून घातलाय. म्हणून इंजिनाचं चाक इकडे फिरतं अन् पुढचं तिकडे." इंजिनाचं चाक फार जोरात फिरत असल्यानं त्याला फेरे मोजता येत नव्हते. मग त्यानं हात लांब करून, एक डोळा मिटून, लहान चाक आणि मोठं चाक बोटांच्या पेरांनी मापलं होतं. लहान चाक दोन पेरं, मोठं साडेनऊ. "म्हणजे हे पावणेपाच वेळा फिरलं की ते एकदा." एवढं बोलून तो पुन्हा गप्प झाला.

ताईचं म्हणणं असं, की पोरगं घुमं आहे; चार माणसांत बसवा, तोंड उघडणार नाही. मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची कधी चणचण पडली नाही. घुमा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, तुसडा, माणूसघाणा. जास्त बोलणाऱ्यालाही आपण वाचाळ म्हणतो, पण त्यात निम्मं कौतुक असतं. गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला मात्र ठपकाच येतो.

परतीच्या वाटेवर भाच्यानं मोबाइलवरची एक चाचणी दाखवली. साठेक प्रश्न सोडवल्यावर तिनं त्याला चार अक्षरं बहाल केली होती : आयएनटीपी. खाली वर्णन होतं, अंतर्मुख, विश्लेषक, तर्कानं चालणारा, विचारांत हरवणारा. पोरगं खूश होतं. घुम्यापेक्षा हे नाव निश्चितच बरं होतं.

या चार अक्षरांचं मूळ स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथात आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी त्यांनीच रूढ केली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली तयार केली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. मुलीनं त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्यांनी माणसांचे सोळा प्रकार पाडले. आज कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांपासून कॉलेजच्या वसतिगृहांपर्यंत हे सोळा प्रकार राशींसारखे सांगितले जातात.

संशोधकांचं मत मात्र तेवढं अनुकूल नाही. त्याच माणसांनी पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर जवळपास निम्म्या लोकांचं निदान एक तरी अक्षर बदलतं. कारण साधं आहे. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण मधल्या उंचीचे निघतात, टोकाला थोडे. अंतर्मुखतेचंही तसंच. ही चाचणी बरोबर मधोमध रेघ मारते आणि रेघेच्या दोन बोटं अलीकडच्याला एक नाव, दोन बोटं पलीकडच्याला दुसरं नाव देते. म्हणून आजचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ प्रकार पाडत नाहीत. ते पाच पट्ट्या लावतात आणि प्रत्येक पट्टीवर माणूस कुठे बसतो ते पाहतात. बहिर्मुखता ही त्यातली एक पट्टी. नव्या कल्पनांची, कोड्यांची, डोकं चालवण्याची ओढ ही दुसऱ्याच पट्टीवर मोजली जाते, आणि पहिल्या पट्टीवरचा आकडा कळला म्हणून दुसरीवरचा ओळखता येत नाही. भाच्याच्या मोबाइलनं दोन वेगळ्या गोष्टी एका पुडीत बांधून दिल्या होत्या.

आधी पहिली गोष्ट घेऊ. एक जुना, गमतीचा प्रयोग आहे. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि तोंडाला किती पाणी सुटतं ते कापसाच्या बोळ्यानं टिपून तोलायचं. अंतर्मुखांना सरासरीनं जास्त पाणी सुटतं, असं इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात दिसलं. हान्स आयझेंक यांचं म्हणणं असं, की अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा थोडा ढोसही त्याला पुरतो. हे जसंच्या तसं आता कुणी मानत नाही. स्वस्थ बसलेल्या दोन माणसांच्या मेंदूंत असा सरळ फरक नेमानं सापडत नाही. फरक दिसतो तो बाहेरून काही आदळल्यावर. रसेल गीन यांनी १९८४ साली विद्यार्थ्यांना शिकण्याचं एक काम दिलं आणि कानात आवाज सोडला. आवाजाची पातळी ज्याची त्यानं ठरवायची होती. अंतर्मुखांनी बारीक आवाज निवडला, बहिर्मुखांनी मोठा. आपापल्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. बहिर्मुखांचा आवाज अंतर्मुखांच्या कानात सोडल्यावर मात्र त्यांची गाडी अडखळली.

यात्रेतला भोंगा ताईच्या आणि भाच्याच्या कानांवर सारख्याच जोरानं आदळत होता. तिला त्यात यात्रा भरल्यासारखी वाटत होती. त्याला इंजिनाचा एकसुरी आवाज सोयीचा होता, त्याच्या आडोशाला बाकीचं ऐकू येत नव्हतं. इंजिनापाशी उभं राहण्याचं हेही एक कारण असावं, हे मला नंतर सुचलं.

हा कल फार लवकर दिसतो. हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी हलवत, अनोळखी आवाज ऐकवत, नाकाशी उग्र वास नेत. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. ही बाळं पुढे सावध, जपून पाऊल टाकणारी मुलं होण्याची शक्यता जास्त होती. रडकं बाळ मोठेपणी भांडखोर निघेल, अशी आपली समजूत असते. इथे झालं उलटंच. मात्र शक्यता म्हणजे विधिलिखित नव्हे. केगन यांच्या बाळांपैकी कित्येक जण मोठेपणी बिनधास्त निघाले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून बहिर्मुखतेतल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेकडे जातो, बाकीचा घर, शाळा आणि योगायोग यांच्याकडे.

इथे लाजरेपणाचा घोळ होतो. लाजऱ्या मुलाला खेळात जायचं असतं, पण पाय उचलत नाही, पोटात गोळा येतो. अंतर्मुख मुलाला भीती वाटत नसते. त्याचं तिथे फारसं काही अडलेलं नसतं. बाहेरून दोघंही भिंतीला टेकून उभे दिसतात. आणि काल-परवापर्यंत बडबड करणारं मूल अचानक गप्प झालं असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. तिथे काहीतरी घडलेलं असतं, ते विचारायला हवं.

आता दुसरी गोष्ट, पेरांनी चाक मोजण्याची. जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड पेटी यांनी १९८२ साली तिला विचार करण्याची गरज असं नाव दिलं आणि ती मोजण्याची प्रश्नावली केली. ही बुद्धीची परीक्षा नाही. कोडं सुटेपर्यंत त्याला चिकटून राहण्यात मजा येते का, एवढंच ती विचारते. हुशार असून या खाजेशिवाय सुखानं जगणारे खूप असतात. आणि ज्यांना ही खाज असते ते सगळे अबोलच असतात, असंही नाही. याचा दाखला आपल्याकडेच आहे.

१९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली नोकरी गेल्यावर अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडीच्या माथ्यावर आडोसा करून ते त्यात तासन्‌तास बसत आणि कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं याची नोंद ठेवत. त्यातून कळलं ते असं. घरटं विणतो नर. अर्धं झालं की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीनं पसंत केलं की नर ते पुरं करतो, तिथे अंडी पडतात, आणि हा गृहस्थ शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरण हे आपण दिलेलं बायकी नाव त्या दिवसापासून जरा अडचणीचंच झालं. आता एवढा वेळ शिडीवर एकटा बसणारा माणूस घुमा असणार, असं कुणालाही वाटेल. सलीम अलींना मात्र मोटरसायकलींचं वेड होतं. १९५० साली स्वीडनमधल्या उप्साला इथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तेव्हा आपली सनबीम ते जहाजानं युरोपात घेऊन गेले होते.

ही खाज असलेले दुसरे म्हणजे मारुती चितमपल्ली. प्रतापगडाहून थोड्याच अंतरावर नवेगाव बांध आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव, भोवती सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या. वनखात्याच्या नोकरीत चितमपल्ली इथे राहिले आणि पुढे 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तकही झालं. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. हयात नसलेल्या माणसाच्या स्वभावाचं निदान करण्याचा आगाऊपणा मला करायचा नाही. पण त्यांच्या पानांवर माणसांचा घोळका क्वचितच दिसतो. एका वेळी एकच माणूस असतो, नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार किंवा एखादा कोळी, एखादा पारधी, आणि त्याच्याजवळ बसून चितमपल्ली पाखराचं, झाडाचं, माशाचं नाव विचारत असतात. 'पक्षिकोश' अशा विचारण्यातून उभा राहतो. रानात एकटं हिंडणाऱ्या या माणसानं मराठीला जेवढे शब्द आणून दिले, तेवढे सभा गाजवणाऱ्यांनी किती दिले, याचा हिशेब कुणीतरी करावा.

निसर्गानं सगळ्यांना एकाच धाटणीचं का केलं नाही, हा प्रश्न उरतोच. उत्तराचा एक तुकडा पाखरांकडेच सापडला. ग्रेट टिट म्हणजे आपल्या वल्गुलीचा युरोपातला भाऊ. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या पाखरांना एकेक करून एका खोलीत सोडलं. खोलीत लाकडाची पाच कृत्रिम झाडं होती. काही पाखरं भराभरा पाचही झाडांवर उडून मोकळी झाली. काहींनी एकेका फांदीवर वेळ काढला. पुन्हा तपासलं तरी पाखराची तऱ्हा तीच. मग खाण्याची जागा बदलली. भराभर हिंडणारी पाखरं सवयीनं जुन्याच जागी जात राहिली, रेंगाळणाऱ्यांच्या बदल लवकर ध्यानात आला. एकाच तऱ्हेच्या नर-माद्यांच्या जोड्या लावत चार पिढ्या नेल्या, तेव्हा हा फरक अंशतः रक्तातून उतरतो हेही दिसलं.

खरी मेख पुढे आहे. रानात सोडलेल्या अशा पाखरांपैकी कोण जगतं हे वर्षानुवर्षं मोजल्यावर ठाम असं उत्तर येईना. एका साली घाईच्या माद्या टिकल्या, तर दुसऱ्या साली सावकाश माद्या. नरांचं गणित दर वेळी माद्यांच्या उलट. हिवाळ्यात झाडांखाली बिया किती पडल्या, यावर सारं बदलत होतं. साल कसं येणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही तऱ्हा रानात टिकून राहतात. धानाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. हलकं आणि भारी धान तोही दोन वेगळ्या बांध्यांत लावतो.

माणूस म्हणजे पाखरू नव्हे, आणि पाच झाडांची खोली म्हणजे प्रतापगडची यात्राही नव्हे. तरी संध्याकाळी नवेगावच्या तलावाच्या काठावर गाडी थांबवली, तेव्हा मला ती खोली आठवली. बाकीची पोरं काठानं पळत पार पुढे गेली होती. भाचा एका पाणकावळ्यासमोर थांबला होता. तो खुंटावर पंख पसरून बसला होता, वाळत घातलेल्या काळ्या छत्रीसारखा. ताईनं हाका मारल्या, चहा झाला. "याचे पंख भिजतात कसे? बदकाचे तर भिजत नाहीत," भाचा म्हणाला. मी सांगितलं, की त्याची पिसं पाणी धरतात, म्हणून बुडी मारायला सोपं जातं. मग असं वाळवत बसावं लागतं. त्यानं मान हलवली. चहा गार झाला होता, तो त्यानं एका घोटात संपवला.

घरी पोचायला रात्र झाली. पोरं गाडीतच झोपली होती. हा जागा होता. फाटकाशी उतरताना हळूच म्हणाला, "मामा, यात्रा कधी उठते?"

"चार-पाच दिवसांनी. का रे?"

"पाळणा सोडताना पाहायचाय. आधी पाळणे काढतात का आधी पट्टा?"

मला माहीत नव्हतं. रविवारी आम्ही दोघंच गेलो. मैदानात नारळाच्या शेंड्या आणि प्लास्टिकचे ग्लास पडले होते, भोंगे उतरवले होते. सहा माणसं पाळण्याचे आरे सोडत होती. आम्ही पोचायच्या आधीच पट्टा निघाला होता. गुंडाळी करून इंजिनावर ठेवलेला. भाचा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीपाशी गेला आणि दीड तास बोलत होता.