रक्तातच आहे, म्हणून काय झाले?

“साखरेचा आजार आपल्या रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?” गेल्या वर्षी वडिलांना मधुमेह निघाला, तेव्हा आजी असे म्हणाली. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण मलाही ते पटले. मग मनात आले, रक्त जर आजोबांकडून आले, तर उभी हयात औतामागे घालवलेल्या आजोबांना हा आजार कसा झाला नाही?

आईबापांकडून मिळालेली जनुके सहसा जन्मभर तीच राहतात. परंतु कोणते जनुक जागे व्हायचे आणि कोणते निजून राहायचे, हे त्यांच्यावर बसणाऱ्या रासायनिक खुणांवरही अवलंबून असते. आहार, श्रम, धूम्रपान यांचा या खुणांवर परिणाम होतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका जनुकावरील खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांहून वेगळ्या असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले.

पण इतके दूर तरी कशाला जायचे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे हडकुळी. तरी वजनाच्या मानाने अंगावर चरबी अधिक! ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देताना आढळले. ही मधुमेहाकडे नेणारी वाट. जनुकांवरील खुणा तयार होण्यासही ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात.

बी-१२ दूध, अंडी, मांस यांत असते. हे वाचले आणि मी आमच्याच घराकडे पाहिले. आमच्या गारगोटी भागात घरोघरी म्हशी आहेत. आमच्याही दोन आहेत. दूध दोन्ही वेळा डेअरीला जाते. वहिनीला सातवा महिना आहे. ती कोरा चहा पिते आणि सर्वांच्या मागून, उरेल ते जेवते.

मी हे सारे आजीला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डेअरीला दूध पाठवण्याआधी तिने वहिनीसाठी पेलाभर बाजूला काढले.

एका पेल्याने मधुमेह टळेल, असे मी म्हणत नाही; वडिलांच्या गोळ्याही चालूच आहेत. पण मित्रहो, रक्ताकडे बोट दाखवून गप्प बसण्यापूर्वी आपल्या घरात शेवटी कोण जेवते, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.

— द्वितीय वर्ष, बी. ए.