उडी घेणें आणि उतरणें

उन्हाळ्याच्या सुटींत नागपुरांत मुलींचीं क्रीडाशिबिरें भरतात. तेथें एखादी मुलगी कमरेंतून वांकून दोन्ही तळहात सहज भुईला टेकविते आणि पाहणारे कौतुकानें म्हणतात, “काय लवचीक अंग आहे !” हें कौतुक अस्थानीं नाहीं. परंतु तीच मुलगी उंच उडी घेऊन खालीं उतरते, तेव्हां तिच्या गुडघ्यांकडेहि कोणी पाहावयास हवें.

गुडघा हा मोठा सांधा खरा. पण खुब्याप्रमाणें त्याला खोल खोबण नाहीं. मांडीचें हाड नडगीच्या सपाट माथ्यावर टेकलेलें असतें, आणि त्या दोहोंना एकत्र धरण्याचें काम चार चिवट अस्थिबंध व भोंवतालचे स्नायु करतात. यांपैकीं दोन बंध सांध्याच्या आंत फुलीसारखे एकमेकांवरून जातात. त्यांतील पुढचा बंध नडगीला पुढें सरकूं देत नाहीं. उडीनंतर पाय भुईला लागतो त्या क्षणीं देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर येतो. गुडघा वांकला, तर तो भार मांडीचे स्नायु झेलतात. गुडघा ताठ राहिला किंवा आंतल्या बाजूस कलला, तर या पुढच्या बंधावर विलक्षण ताण पडतो, आणि कोणाचा धक्का न लागतांहि तो तुटूं शकतो.

ही इजा लहान नव्हे. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें व्हॉल्ट प्रकारांत चौथ्या आल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचा हाच बंध दुखावला व मुंबईंत शस्त्रक्रिया करावी लागली. जुलै २०१८ मध्यें तुर्कस्तानांतील मेर्सिन येथें त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. मधें सव्वा वर्ष गेलें.

फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत स्त्रियांना ही इजा पुरुषांपेक्षां सुमारें दोन ते तीन पट अधिक होते. ज्यांचे सांधे जात्याच सैल असतात, त्यांचा धोका आणखी वाढतो. त्यांचे बंध अधिक ताणले जात असल्यामुळें सांधा वेळेवर अडत नाहीं. गुडघा सरळ होऊन न थांबतां मागेंहि जातो. शिवाय सांधा कोणत्या स्थितींत आहे याची जाणीव अशा व्यक्तींत कित्येकदां मंद असते, व स्नायूंना सावरण्यास उशीर होऊं शकतो.

सांध्यांच्या सैलपणाची पारख घरींहि करतां येते. करंगळी काटकोनापलीकडे मागें वळणें, अंगठा हाताच्या आंतल्या अंगास टेकणें, कोपर तसाच गुडघा दहा अंशांहून अधिक मागें जाणें, हीं चार लक्षणें दोन्ही बाजूंस पाहावयाचीं. पांचवें, गुडघे न वांकवितां तळहात भुईला टेकणें. एकूण गुण ९. प्रौढ स्त्रीला ५ किंवा अधिक मिळाल्यास सांधे सैल समजतात. मुलींच्या बाबतींत ही मर्यादा थोडी वरची धरतात. पीटर बेटन व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं ही पद्धत मांडली.

मग अशा मुलीचा खेळ बंद करावा काय ? मुळींच नाहीं. सैल सांधे हा कांहीं रोग नव्हे. पुष्कळांना त्याचा जन्मभर त्रास होत नाहीं. मात्र तिला आणखी ताण देणारे व्यायाम करावयास लावण्यापेक्षां मांडीच्या मागच्या बाजूचे व कमरेचे स्नायु बळकट करावे. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव द्यावा. प्रथम वीतभर उंचीवरून उतरवावें : आधीं चवडे, मग टांचा, गुडघे वांकलेले, पावलांच्या रेषेंत, आंत न झुकलेले, आवाज हलका. उन्हाळ्यांत विदर्भाची काळी जमीन दगडासारखी होते. म्हणून हा सराव गादीवर किंवा वाळूच्या हौद्यांत घ्यावा. अशा नियमित शिक्षणानें खेळाडू स्त्रियांतील ही इजा सुमारें निम्म्यावर येते, असें अनेक पाहण्यांतून दिसून आलें आहे.

उतरतांना गुडघ्यांत कट्कन आवाज होऊन कांहीं तासांतच सूज आली, तर मात्र चोळण्यांत व शेकण्यांत वेळ न दवडतां अस्थितज्ज्ञांकडे जावें. उडी कशी घ्यावी हें शिबिरांत शिकवितातच. उतरावें कसें, हेंहि पहिल्याच दिवशीं शिकविलें जावें.