गुरुवारचा वर्ग : तरुण संघातले सोबती तीस वर्षांनी भेटतात तेव्हा

 

विषय तसा साधा आहे. तरुणपणी चर्चच्या तरुण संघाचं काम एकत्र शिकलेली माणसं तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा भेटायचं ठरवतात. तेव्हा नेमकं काय अडतं आणि का अडतं, ते आज बघायचं आहे. दहावीच्या बॅचचे मेळावे तुम्ही पाहिलेच असतील. एकसारखे टी-शर्ट, सरांचा सत्कार, दुपारी पुरणपोळी किंवा मटण. आमचं प्रकरण त्याच्या जवळचं असलं तरी त्यात एक अवघड गाठ आहे.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगतो. १९८९ ते १९९१ या काळात पिंपरीत तरुण संघांच्या पुढाऱ्यांसाठी एक वर्ग चालायचा. सत्तावीस जण होतो. अठरा मुलगे, नऊ मुली, वेगवेगळ्या मंडळ्यांमधले. शब्बाथशाळा कशी घ्यायची, पेटीवर गायन कसं बसवायचं, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काय बोलायचं आणि काय बोलू नये, असं सगळं शिकवायचे. वर्ग दर गुरुवारी भरायचा. हा गुरुवार जरा लक्षात असू द्या.

गुरुवारच का? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. एमआयडीसी आली १९६२ साली. मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील नगर, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांतून या कारखान्यांच्या ओढीनं आलेले, काही जण बहात्तरच्या दुष्काळानंतर. गावाकडची मंडळी, गायनं, नाताळची पद्धत, सगळं सोबत आणलं. पण एक गोष्ट इथं जुळेना. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये आणि एकाच दिवशी बंद राहू नये म्हणून विभागवार सुट्टीचे वार ठरवलेले असतात. पुण्याच्या या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणजे चर्चची घंटा रविवारी, आणि कारखान्याची सुट्टी गुरुवारी.

ऐकायला ही बारीकशी अडचण वाटते. पण शिफ्टचा हिशोब करून बघा. फर्स्ट शिफ्टचा आठवडा असेल तर रविवारी सकाळी माणूस मशीनवर. थर्डचा असेल तर रात्रभर जागून सकाळी घरी, डोळे तांबडे. सेकंडचा असेल तरच उपासनेला नीट बसता येतं, तेही घड्याळाकडे बघत. तीन रविवारांत एक. वर्षाकाठी सतरा-अठरा. मंडळीच्या पाठीमागच्या बाकावरून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की अमका येईनासा झाला.

यातली गंमत अशी, की शब्बाथशाळेची चळवळ कारखान्याच्या वेळापत्रकातूनच वाढली. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारची शाळा सुरू केली, कारण तिथली गरीब पोरं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबायची आणि मोकळा वार तेवढाच होता. वायएमसीएचंही तसंच. १८४४ साली लंडनमध्ये ती काढणारे जॉर्ज विल्यम्स हे कापडाच्या दुकानात काम करणारे, खेड्यातून शहरात आलेले तरुण. सोबतीही दुकानांतले नोकरच. म्हणजे तरुणांची सेवा हा प्रकार जन्मला तो पोटासाठी शहरात आलेल्या पोरांमध्ये, त्यांच्या मोकळ्या वेळेत. आमच्या वर्गाच्या शिक्षकांनी गुरुवार धरला, तेव्हा त्यांनी रेक्स वाचला होता की नाही, देव जाणे. पण मेख बरोबर ओळखली होती.

वर्ग संपला. शेवटच्या गुरुवारी प्रत्येकानं उभं राहून, आयुष्यभर सेवा करीन, असं म्हटलं. वयं एकोणीस ते तेवीस. आमच्यातले चार पाळक झाले. सहा जण शिक्षक आणि नर्स. बाकीचे इथंच लागले, टोकन नंबर मिळाले. पुढं कुणाला व्हीआरएस मिळाली, कुणी मालकाशी भांडून बाहेर पडला, कुणी चाकणला गेला. १९९९ साली बजाजचा तिथला कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगनचा, आणि नाशिक रस्त्यावर मोशीपासून पुढं आमची बरीच माणसं विखुरली.

शाळेच्या मेळाव्याहून वेगळेपण इथं आहे. शाळेत तुम्ही कुणाला काही वचन दिलेलं नसतं. गणितात नापास झालेला पोरगा पन्नाशीत हसत हसत ते सांगतो, आणि टाळ्या मिळतात. आमच्या वर्गात प्रत्येकानं सव्वीस साक्षीदारांसमोर शब्द दिला होता. त्यामुळे भेटीचा निरोप आला की पहिला विचार येतो, तो 'मी कसा दिसतो आता' असा नसतो. 'आपण काय उत्तर देणार' असा असतो.

आता शोधण्याबद्दल. हे काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांची आडनावं गावाकडचीच, साळवे, गायकवाड, शिंदे, पवार. भोसरीत साळवे शोधायचा म्हणजे किती दारं वाजवणार? मुलींची आडनावं लग्नानंतर बदललेली. तिथं मंडळ्यांची विवाहाची रजिस्टरं कामी आली, आणि दुसऱ्या मंडळीत जाताना पाळक सभासदत्वाचं जे पत्र देतात त्याच्या नोंदी. पत्र घेऊन गेलेला माणूस सापडतोच. ज्यांनी पत्रच घेतलं नाही ते अवघड. काहींच्या बाबतीत आणखी एक कारण होतं, आणि ते सांगायला हवं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आजही नाहीत. मुलांच्या दाखल्यासाठी, नोकरीसाठी कुणी मंडळीच्या यादीतून नाव काढून घेतलं असेल, तर त्याला जुन्या सोबत्यांनी फोन केला की आनंदाआधी धास्ती वाटते. आम्ही दोन घरी गेलो आणि चहा पिऊन, यादीचं नावही न काढता परत आलो. तसंच करायला हवं होतं, असं आजही वाटतं.

बावीस जणांचा पत्ता लागला. तिघं वारले होते. दोघांचा काहीच थांग नाही.

पहिली भेट आम्ही रविवारी दुपारी ठेवली, उपासनेनंतर. नऊ जण आले. चार पाळक, बाकी शिक्षक-नर्स. कार्यक्रम नेहमीचा, प्रार्थना, गायन, आणि मग एकेकाची साक्ष. साक्ष म्हणजे काय, ते बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते उभं राहून सांगायचं. पद्धत चांगली आहे, जुनी आहे. पण तिचा एक साचा बनलेला असतो. संकट आलं, प्रार्थना केली, मार्ग निघाला. ज्याचा मार्ग निघालेला नाही त्यानं काय सांगायचं? नऊ साक्षी झाल्या आणि नऊही यशाच्या निघाल्या. घरी जाताना आमच्यातली एक म्हणाली, "ही भेट झाली की हजेरी?" त्या वाक्यानं आमची झोप उडाली.

इथं लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली. काही वर्षांनी ती दोघं पुन्हा एकत्र राहू लागली. पण 'स्मृतिचित्रे' वाचलंत तर दिसेल, की लक्ष्मीबाईंनी सोवळं लगेच टाकलं नाही. एका संसारात दोन रीती चालल्या. आधी भेट झाली, एकमत फार सावकाश आलं. टिळकांनी पुढं १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. सेवा आणि पगार, सेवा आणि यादी, या गोष्टी वेगळ्या करता येतात, हे मराठी ख्रिस्ती माणसाला शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलं होतं. आम्हीच विसरलो.

दुसरी भेट गुरुवारी ठेवली. सकाळी दहाला, पिंपरीत. दोन गोष्टी बदलल्या. साक्षीचा कार्यक्रम काढला, आणि प्रत्येकानं स्वतःबद्दल न बोलता दुसऱ्या एकाची वर्गातली आठवण सांगायची, असं ठरवलं. याला शास्त्रातही आधार आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, असं स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलं आहे. म्हणजे साठा सगळ्यांकडे होता. फक्त विचारायचं काय, ते चुकत होतं.

सतरा जण आले. त्यात एक जण असा, की तो येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. वर्गात पेटी तो वाजवायचा. भोसरीत लेथवर लागला, आता चाकणला कंत्राटावर आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तीन महिने रविवारी दिसला नाही म्हणून मंडळीतल्या एका वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "देवासाठी वेळ नाही का?" तो रात्रपाळी करून, न झोपता तिथं आला होता. काही बोलला नाही. पुन्हा गेला नाही. त्या वेळी आमच्यापैकी पाच जण तिथं बसलेले होते. एकानंही उठून शिफ्टचा हिशोब सांगितला नाही, जो आत्ता तुम्हाला सांगितला. दोघं तर त्याच्याच गल्लीत राहत होते.

गुरुवारी आम्ही त्याला म्हटलं, "किती शोधलं रे तुला." तो म्हणाला, "अरे, शोधायला कशाला पाहिजे होतं? एकोणीस वर्षं त्याच खोलीत होतो."

यावर कुणाला काही सुचेना. मग एका ताईनं त्याची आठवण सांगितली. १९९० साली तिच्या वडिलांच्या दफनाला पाऊस होता आणि हा पेटी पोत्यात गुंडाळून दापोडीहून चालत आला होता. त्याला ते आठवतच नव्हतं. पुढं आणखी एक गोष्ट कळली. चाकणला त्याच्या खोलीशेजारी बीड, लातूरकडची हेल्पर पोरं राहतात. ती आजारी पडली की दवाखान्यात नेणं, घरी फोन लावून देणं, पगार अडला तर ठेकेदाराकडे जाणं, हे तो वर्षानुवर्षं करतोय. त्यानं त्याला सेवा वगैरे म्हटलं नाही. आम्हीही तिथं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तीही साक्षच झाली असती.

पेटी आणली होती. त्यानं आधी नको म्हटलं, बोटं राहिली नाहीत म्हणाला. जेवणानंतर वाजवली. दोन सूर दबत होते, पेटीचे की बोटांचे ते समजलं नाही.

आता दोन महिन्यांतून एकदा भेटतो, गुरुवारीच. पाळक येतात, त्यांना गुरुवार चालतो. शिक्षकांना रजा टाकावी लागते आणि त्यावरून कुरबुर आहे. पुढची भेट चाकणला घ्यावी असं निघालंय, पण तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकचं नाव काढलं की अर्धे जण मागं सरतात. बघू. ज्या दोघांचा पत्ता नाही त्यांची नावं वहीत तशीच वर लिहिलेली असतात.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागं ताईंनी हात वर केलाय, त्यांच्याकडे माइक द्या.