फोन तोच, वीज आपली

गेल्या काही वर्षांत गावोगावचे तांब्याच्या तारेचे फोन एकामागून एक मुके झाले. रस्त्याच्या कामात केबल तुटते, दुरुस्तीला माणूस येत नाही, आणि शेवटी सल्ला मिळतो : फायबर घ्या, इंटरनेटही येईल आणि फोनही. सल्ला वाईट नाही, आम्हीही तोच देऊ. पण ज्या घरात नाना-नानी दोघेच राहतात आणि मुले मुंबईला किंवा आखातात आहेत, तिथे होकार देण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

जुना फोन आपली वीज सोबत घेऊन येत असे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज त्याच दोन तारांतून घरात यायची. म्हणून भारनियमनाच्या काळात घरभर अंधार असला तरी फोन खणखणायचा. फायबर म्हणजे काचेची केसासारखी बारीक तार. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरची पेटी त्या प्रकाशाचा आवाज करते, आणि ती पेटी घरच्या विजेवर चालते. लाइट गेली की पेटी बंद आणि फोनही बंद. रात्री नानांच्या छातीत दुखू लागले आणि त्याच वेळी वीज नसली, तर ११२ लावायचा कशावरून?

उपाय अवघड नाही, महागही नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग त्याच्याच लाइनवर घ्या. वायरमन बहुधा पंखे आणि दिवे तेवढे इन्व्हर्टरवर घेतो, कोपऱ्यातला सॉकेट राहून जातो. त्याला सांगावे लागते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. त्यावर पेटी काही तास चालते. घेताना पेटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बिनतारी हँडसेटला वेगळी वीज लागते, म्हणून साधा, तारेचा जुना फोनच पेटीला जोडावा.

दुसरी काळजी नंबरची. तो नंबर वीस-पंचवीस वर्षे सगळ्या नातेवाइकांना पाठ असतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्याची सोय बंद ठेवलेली आहे, त्यामुळे दुबईचा मुलगा ईदच्या दिवशी घरच्या नंबरवर फोन लावतो तो नुसत्या सवयीने नव्हे. तेव्हा जुना फोन आधी बंद करून मग नवा मागू नका. त्याच नंबरासह फायबरवर बदलून द्या, असा अर्ज करा आणि पोच घ्या. नंबर राहणार नाही असे उत्तर आले, तर निर्णय घरात बसून घ्या, दारात उभ्या एजंटसमोर नको.

वादळापुढे मात्र दोन्ही तारा सारख्याच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. शिवाय तांब्याची तार लाइनमन हाताने पिळून जोडायचा. काच बहुधा वितळवून जोडावी लागते, त्याला मशीन लागते. म्हणून उशाशी एक साधा, बटणांचा मोबाइल चार्ज केलेला असू द्या.

जोडणी झाल्यावर कारागीर घरात असतानाच मेन स्विच बंद करा आणि नानींना रिसीव्हर उचलायला सांगा. डायल टोन आला तरच सही करा.