पवन मावळात मुक्काम

पुण्याहून साधारण 50-60 किलोमीटरवर, पवना धरणाच्या जलाशयाभोवती पवन मावळ पसरला आहे. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या किल्ल्यांचा त्याला वेढा आहे. मुक्कामाला काठावरचे तंबू सर्वांत लोकप्रिय. शेकोटी, बार्बेक्यू, सकाळी चहा-पोहे हा ठरलेला बेत. शनिवारी रात्री मात्र स्पीकरपुढे रातकिड्यांचं काही चालत नाही, त्यामुळे शांतता हवी असेल तर मधला वार किंवा गावातलं घरगुती मुक्कामाचं ठिकाण बरं. तिथे चुलीवरचं पिठलं-भाकरी मिळते, पहाटे गडावर निघणंही सोपं जातं.

नवख्यांसाठी लोहगड सोयीचा: मळवलीपर्यंत लोकल, वर बांधीव पायऱ्या, चार दरवाजे आणि विंचूकाटा माची. 2025 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या उंच आणि छातीवर येणाऱ्या. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात. कामशेतजवळ पॅराग्लायडिंग पावसाळा संपल्यावर सुरू होतं. पाणी वरून संथ दिसलं तरी काठालगत एकदम खोली लागते आणि तळाशी गाळ असतो. पोहणाऱ्यांनीही जलाशयात उतरू नये.