भरलेली भाजलेली वांगी व ज्वारीच्या घुगऱ्या

हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यात शेतावर रोडग्यांचा बेत होतो. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजावयाचे व सोबत वांग्याची भाजी करावयाची, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच विस्तवात भरलेली वांगी भाजली व सारणात अख्खी ज्वारी घातली, तर धान्य, भाजी व तेलबी ही तिन्ही एकाच पदार्थातून मिळतात.

असा पदार्थ सुचविण्यास कारण आहे. पूर्वी या भागात घरोघरी ज्वारीची भाकरी असे. पुढे खरिपात सोयाबीनचा पेरा वाढला, ज्वारीचा घटला, आणि ताटातही गहू व तांदूळ आले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू व ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हे ध्यानात घेता ज्वारी ताटातून जाऊ देणे परवडणारे नाही.

ज्वारीची तयारी : पाच-सहा माणसांसाठी पाव किलो ज्वारी घ्यावी. ती घरच्या खाण्याच्या धान्यातलीच असावी. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे धुऊनही खाण्यास वापरू नये. ज्वारी निवडून रात्रभर भिजवावी व सकाळी ते पाणी टाकून द्यावे. भिजविल्याने दाणा लवकर शिजतो व त्यातील लोह शरीरास अधिक मिळते. मात्र ज्वारीला मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. तेच विषारी द्रव्य मोडांतही तयार होते. भिजलेली ज्वारी तिप्पट पाण्यात मीठ घालून, दाणा बोटाने सहज चेपेपर्यंत शिजवावी. कच्चा दाणा वांग्यात भरल्यास तो शिजत नाही, म्हणून घुगऱ्या आधी करून घेणे अवश्य आहे.

सारण व भाजणे : मध्यम आकाराची १०-१२ वांगी घ्यावीत. फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्यावरच वांगी तोडावीत. देठ राखून चार चिरा द्याव्यात, आत अळी नाही हे पाहावे व वांगी मिठाच्या पाण्यात ठेवावीत. १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तीळ, लसूण, मिरची, जिरे, कोथिंबीर व मीठ वाटावे. दोन वाट्या घुगऱ्या पाट्यावर अर्धवट रगडून त्यात मिसळाव्यात. रगडल्याने सारण एकजीव होते व बाहेर पडत नाही. थोडे तेल घालून सारण वांग्यांत भरावे, दोऱ्याने बांधावे व पळसाच्या किंवा केळीच्या पानांत गुंडाळावे. जाळ विझून निखारे राहिले म्हणजे वांगी त्यावर ठेवून वरून गरम राख पसरावी. मधूनमधून फिरविल्यास अर्ध्या तासात ती मऊ होतात. घरी जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजली तरी चालते. याच रीतीने ढोबळी मिरची किंवा टोमॅटोही भरता येतात. त्यांस वेळ कमी लागतो.

उरलेल्या घुगऱ्या ताटात पसरून त्यांवर वांगी वाढावीत व लिंबू वाढतेवेळीच पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात चांगले शोषले जाते, पण ते शिजविताना नष्ट होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोहाचे शोषण कमी होते. शिजलेली ज्वारी उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांच्या व बचत गटांच्या बैठकीत हा पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवावा. शेतकरी बंधूंनी आपल्या शेतात घरच्यापुरती तरी ज्वारी पेरावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त अधिक आहे. विकावयास सोयाबीन असो, पण खावयास चार तासे ज्वारी प्रत्येक शेतात असावी.